चारठाणा, आणि ब्रॉडवेवरचा एक वृद्ध वादक

जिंतूर सोडून मंठ्याच्या वाटेनें जालन्याकडे निघालें म्हणजे काळ्या रानांतून जाणाऱ्या सडकेवर चारठाणा हें गांव लागतें. परभणी जिल्ह्यांत मुद्दाम उतरून पाहावें असें काय आहे, असा प्रश्न पुण्यामुंबईकडील मंडळी मोठ्या निरागसपणें विचारतात. त्यांना मी चारठाण्यास जाऊन येण्यास सांगतों. एके काळीं येथें ३६० मंदिरें होतीं असें गांवकरी म्हणतात. वर्षाच्या दिवसांशीं जुळणारा हा आंकडा कोणी मोजून काढला असेल असें वाटत नाहीं. तथापि गांवांत तासभर हिंडल्यावर तो फारसा फुगविलेलाहि वाटत नाहीं. वळणावळणावर कोरीव शिळा भेटतात. कोठें एखादी घराच्या पायरीला लागलेली, कोठें झाडाखालीं शेंदूर लावून उभी केलेली.

नृसिंहाचें मंदिर, गोकुळेश्वराचें मंदिर व त्याची बारव, आणि उघड्यावर एकटाच उभा असलेला कोरीव पाषाणस्तंभ, हीं येथील मुख्य स्थळें. या बांधणीस आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतों. हेमाद्रि हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. चुन्याशिवाय दगडांत दगड गुंतवून मंदिर उभारण्याची कला त्याच्या जन्मापूर्वींच या मुलखांत पूर्णत्वास गेली होती. बिचाऱ्या पाथरवटांचें नांव मात्र कोणास ठाऊक नाहीं, आणि मंत्र्याचें नांव शाळकरी पोरहि घेतें.

बारवेचें वर्णन शब्दांनीं करणें कठीण आहे. वरून पाहतांना पायऱ्यांची मांडणी एखाद्या रांगोळीसारखी दिसते. उतरूं लागलें कीं ऊन मागें राहतें आणि दगडाचा गारवा अंगाला लागतो. मध्यंतरीं पुष्कळ वर्षें गाळ व झाडोरा यांखालीं ती गुदमरली होती. अलीकडे तरुण मंडळींनीं ती मोकळी केली. महाराष्ट्रांतील बारवांविषयीं जी जागृति गेल्या कांहीं वर्षांत झाली तिचा लाभ या गांवासहि मिळाला, आणि २०२२ सालीं टपाल खात्यानें आठ बारवांचीं चित्रें असलेलीं पोस्टकार्डें काढलीं त्यांत चारठाण्याची बारव आली. आठांपैकीं चार एकट्या परभणी जिल्ह्यांतल्या, हें जिल्ह्यास नांवें ठेवणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

स्तंभाची गोष्ट निराळी आहे. त्यास कोणी दीपमाळ म्हणतो, कोणी विजयस्तंभ म्हणतो. ज्याच्या पुढें तो उभा केला असेल तें त्याच्या मागें नाहीं. तरीहि लोक येतात, मान वर करून पाहतात, छायाचित्रें घेतात, आणि हळुवारपणें म्हणतात, 'केवढें हें काम!' जुन्या वस्तूचा मान राखणें आम्हांस चांगलें जमूं लागलें आहे, असें तें पाहून वाटतें. यंदाच्या फाल्गुनांत मी तेथें चार दिवस राहिलों तों आमच्याच वाड्यांत एक प्रश्न निघाला, आणि माझें लक्ष दगडांवरून उडून माणसांकडे गेलें.

आमच्या घरीं चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून रामनवमीपर्यंत उत्सव असतो. निजामाच्या अमदानींतहि त्यांत खंड पडला नाहीं असें वडीलधारीं माणसें सांगत. नऊहि रात्रीं कीर्तन होतें, व त्या कीर्तनास गेलीं साठ वर्षें पेटीची साथ आमच्या अण्णाकाकांची. अण्णाकाका आतां ८७ वर्षांचे आहेत. पेटी ते कोणा मोठ्या उस्तादाजवळ शिकले नाहींत. जालन्याचे आप्पा जळगांवकर हें त्यांचें दैवत. आप्पांचें वादन ऐकण्याचा योग आला कीं ते अंथरुणाची वळकटी घेऊन निघत आणि परत आल्यावर आठ दिवस तेंच घरांत वाजत राही. कीर्तनाच्या साथीस मात्र त्यांनीं आप्पांची नक्कल कधीं केली नाहीं. बुवांच्या गळ्यामागून एक पाऊल अंतर ठेवून चालावें, बुवा श्वास घेतील तेवढ्या जागेंत दोन स्वर ठेवावे आणि पुन्हां बाजूस व्हावें, अशी त्यांची रीत.

यंदा उत्सवाच्या साथीस जिंतुराहून एक मुलगा सांगितला होता, आणि अण्णाकाकांची पेटी माळ्यावर गेली होती. हा निर्णय आमच्या दादांचा, म्हणजे अण्णाकाकांच्या वडील मुलाचा. दादा पासष्टीचे, शांत, सगळ्या घराचा भार वाहणारे गृहस्थ. वडिलांना त्यांनीं कधीं उलट शब्द बोललेला मला आठवत नाहीं. मला बाजूस घेऊन ते म्हणाले, "अरे, गेल्या वर्षीं बुवांनीं द्रुत चाल धरली आणि अण्णांचीं बोटें मागें राहिलीं. संधिवातानें तीं वळत नाहींत. बुवा एकदां थांबले, दोनदां थांबले. मागें बसलेलीं पोरें मोबाइलवर तें टिपून घेत होतीं आणि हांसत होतीं. साठ वर्षें ज्यांनीं या ओसरीवर वाजविलें त्यांना त्याच ओसरीवर कोणी हांसावें, हें मला पाहवत नाहीं. झालें तेवढें पुष्कळ झालें. आतां मानानें बसावें."

यावर अण्णाकाका कांहींच बोलले नव्हते. वहिनी मात्र तवा उतरवितां उतरवितां म्हणाल्या, "मानानें बसले आहेत खरे. पेटी वर ठेवली त्या दिवसापासून दुपारचा चहादेखील मागत नाहींत."

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर ओसरीवर मीं सर्वांना एका दूरच्या म्हाताऱ्याची हकीकत सांगितली. २००७ सालच्या उन्हाळ्यांत मी मुलीकडे अमेरिकेस गेलों होतों, आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावरील एका तळघरांत तो मला पाहावयास मिळाला होता. ती हकीकत येथें जरा विस्तारानें देतों. कारण ओसरीवर ती तुटक सांगितली गेली, आणि मध्यें मध्यें मुलांनीं प्रश्न विचारले.

आमच्या जांवईबापूंस गिटारीचा नाद. ते म्हणाले, "मामा, सोमवार मोकळा ठेवा, लेस पॉल यांस ऐकावयास जाऊं." मीं नांव ऐकलें नव्हतें. वय काय म्हणून विचारलें तर म्हणाले, नुकतींच ९२ पूर्ण झालीं. मीं मनांत म्हटलें कीं एखादा सत्कारसमारंभ असेल. हारतुरे होतील, भाषणें होतील, आणि शेवटीं म्हातारबोवा हात जोडून दोन शब्द बोलतील. तसें कांहींएक नव्हतें. ब्रॉडवे व ५१ वा रस्ता जेथें मिळतात तेथें 'इरिडियम' नांवाचें संगीतगृह आहे. जिना उतरून खालीं जावें लागतें. छत ठेंगणें, मेजें एकमेकांस खेटून, लोक खात पीत बसलेले. ज्या देशांत खाणें आणि गाणें एका वेळीं चालतें तेथें गाण्याकडे लक्ष कोण देणार, असें मला वाटलें. तेंहि खोटें ठरलें. पहिला स्वर निघाला आणि कांट्याचमच्यांचा आवाज बंद झाला.

दर सोमवारीं रात्रीं दोन बैठकी, हा त्यांचा नेम. १९८४ पासून ते न्यूयॉर्कमधील 'फॅट ट्यूसडेज' या जागीं सोमवारीं वाजवीत (मंगळवाराचें नांव असलेल्या जागेंत सोमवार, ही त्यांतली मौज), आणि १९९६ पासून 'इरिडियम'मध्यें. २००९ च्या ऑगस्टांत वयाच्या ९४ व्या वर्षीं ते वारले; त्याच वर्षांत केव्हांतरी हा नेम सुटला. सुमारें पंचवीस वर्षांचे सोमवार! आमच्याकडे सोळा सोमवार केले तरी उद्यापनाची घाई होते.

आतां हा मनुष्य कोण, तें सांगितलें पाहिजे. मूळ नांव लेस्टर विल्यम पोल्सफस. जन्म ९ जून १९१५, अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत वाऊकेशा या लहानशा गांवीं. पोरवयांत रस्त्याकडेच्या एका खाण्याच्या ठिकाणीं तो गात व वाजवीत असे. मागें मोटारींत बसलेल्या एकानें निरोप धाडला कीं गाणें ऐकूं येतें, गिटार ऐकूं येत नाहीं. पोरानें ग्रामोफोनची सुई गिटारींत खुपसली आणि तिची तार घरच्या रेडिओस जोडली. झालें, गिटार ऐकूं येऊं लागली. पुढल्या सगळ्या आयुष्याचें बीज या खटपटींत आहे.

गिटार म्हणजे पोकळ पोटाचें वाद्य. सतारीच्या भोपळ्याप्रमाणें तें पोट स्वरास घुमारा देतें. पण त्यास ध्वनिवर्धक जोडला कीं कर्ण्यांतून निघालेला आवाज परत त्या पोटांत शिरतो, तें पुन्हां घुमतें, आणि शेवटीं किंकाळीसारखा नाद उठतो. मग पोटच काढून टाकलें तर? १९४१ च्या सुमारास लेस पॉल यांनीं एपिफोन कंपनीच्या कारखान्यांत, सुटीच्या दिवशीं, चार इंच जाडीरुंदीच्या एका चौकोनी ओंडक्यावर तारा चढविल्या. स्वर स्वच्छ निघाला आणि पूर्वींपेक्षां लांब टिकला. परंतु ओंडका वाजविणारा मनुष्य लोकांस चमत्कारिक दिसे. तेव्हां त्यांनीं एका जुन्या गिटारीचे दोन अर्ध कापून ओंडक्याच्या दोहों बाजूंस नुसते शोभेसाठीं जोडले. त्याबरोबर लोकांस तो ऐकावासा वाटूं लागला! गिब्सन कंपनीनें प्रथम ही कल्पना झिडकारली, आणि दुसऱ्या एका कारखानदाराची भरीव गिटार बाजारांत आल्यावर १९५२ सालीं लेस पॉल यांच्याच नांवानें आपली काढली. आज जगांतील तरुण पोरें जीं विजेचीं गिटारें घेऊन रंगमंचावर उड्या मारतात त्यांतील पुष्कळांवर हें नांव कोरलेलें असतें. आणि तें एका माणसाचें नांव आहे हें त्यांतील कित्येकांस ठाऊकहि नसतें.

दुसरी खटपट ध्वनिमुद्रणाची. एकदां आपण वाजवावें, तें मुद्रित करावें, तें लावून त्याच्याबरोबर आपणच दुसरा भाग वाजवावा, मग तिसरा. अशा रीतीनें १९४८ सालीं त्यांनीं 'लव्हर' ही तबकडी काढली. त्यांत आठ गिटारी ऐकूं येतात, आणि आठहि वाजविणारा एकच. पुढें पत्नी मेरी फोर्ड यांचा गळा त्याच रीतीनें अनेकपट करून १९५१ सालीं 'हाऊ हाय द मून' हें गीत त्यांनीं काढलें, तें कित्येक आठवडे अमेरिकेंत अग्रस्थानीं होतें. हल्लीं कोणतेंहि चित्रपटगीत अशाच थरांथरांनीं रचतात.

हा सगळा प्रकार आपल्यास परका वाटेल म्हणून एक गोष्ट मध्येंच सांगतों. त्याच १९५१ सालीं आपल्याकडे 'अलबेला' हा चित्रपट आला. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. त्यांच्या मदतीस होते शिक चॉकलेट, हे गोव्याचे आंतोनियो शाव्हियर वाझ, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत जाझ वाजविणारे तुतारीवादक. १९३५ पासून अमेरिकेंतील निग्रो वादकांचे ताफे मुंबईस येऊं लागले होते, आणि गोव्यांतील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेल्या मुलांनीं त्यांची कला उचलली. आमच्या आज्या ज्या गाण्यांवर नाकें मुरडीत व आंतून गुणगुणत, त्यांत जाझ होताच.

जाझ म्हणजे केवळ गोंगाट नव्हे. एखादें सर्वांस ठाऊक असलेलें गीत घेतात. त्याच्या चालीखालीं स्वरसमूहांचा एक ठरलेला क्रम असतो. तो क्रम आवर्तनासारखा फिरत राहतो, आणि त्यावर एकेक वादक आपल्या पाळीस नवें कांहीं त्या क्षणीं रचून वाजवितो. आपल्याकडे राग ठरलेला असतो. त्यांच्याकडे हा क्रम. उपज दोहोंकडे तीच. चुकण्याचा धोकाहि तोच. लेस पॉल हे त्या विद्येंत तरुणपणींच नांवाजले होते. १९४४ सालीं लॉस एंजेलिस येथें मोठ्या सभागृहांतील जाझच्या एका मैफलींत नॅट किंग कोल यांच्या पियानोबरोबर त्यांनीं वाजविलें होतें. अतिशय वेगवान बोटें, ही त्यांची ख्याति.

आणि तीं बोटें त्या रात्रीं नव्हतीं. डाव्या हाताचीं बोटें तारा दाबण्याचें काम करतात, सगळी करामत त्यांची. त्यांतील बहुतेक संधिवातानें ताठ झालेलीं. दोन बोटांवर काय तो भरंवसा. उजवा हातहि धड नव्हता. १९४८ च्या जानेवारींत बर्फावरून मोटार घसरून खालीं कोसळली, तींत कोपराचा चुरा झाला. हात तोडावा कीं काय येथवर गोष्ट गेली. सांधा पुन्हां हलणार नाहीं हें कळल्यावर त्यांनीं शस्त्रवैद्यांस सांगितलें कीं तो अशा कोनांत बसवा कीं मला गिटार धरतां येईल. तो हात त्याच कोनांत साठ वर्षें राहिला. शिवाय १९८० सालीं हृदयावर मोठी शस्त्रक्रिया झाली. त्या वेळच्या वैद्यांनीं विश्रांति घेण्याचें नव्हे तर कसून काम करण्याचें वचन आपल्यापासून घेतलें, असें ते सांगत. असा वैद्य मिळणें हेंहि भाग्य होय.

एका उंच आसनावर ते बसले, गिटार मांडीवर घेतली, आणि बराच वेळ नुसते गप्पा मारीत राहिले. बाजूस त्यांचे जुने स्नेही लू पॅलो दुसरी गिटार घेऊन. मागें निकी पॅरट नांवाची ऑस्ट्रेलियाची तरुण बाई खर्जाच्या मोठ्या वाद्याशीं उभी. तिच्याशीं म्हातारबोवांची थट्टा चालली होती, ती जरा हिरवटच होती. मुलीच्या सासरीं सांगण्याजोगी नव्हे. तीहि तितक्याच तिखटपणें उत्तर देई आणि सभागृह हांसे. मग त्यांनीं वाजविण्यास आरंभ केला.

जें ऐकलें तें सांगतों. वेग नव्हता. पहिल्या दोन ओळींत एक स्वर चुकला, आणि त्यांनीं तो लपविला नाहीं. त्याच चुकीच्या स्वरावर पुन्हां येऊन त्यास वाट काढून दिली, तेव्हां आम्हां सर्वांस ती चूक नव्हतीच असें वाटलें. एकेक स्वर पुष्कळ वेळ धरून ठेवीत. दोन स्वरांच्या मधली जागा कोणत्याहि स्वराइतकीच ऐकूं येई. जेथें धांवण्याचें काम पडे तेथें ते मानेनें खूण करीत आणि लू पॅलो अगर पियानोवाला तें उचलून घेई. धांवपळ संपली कीं म्हातारा पुन्हां मध्यें येई, तीनच स्वर टाकी, आणि सगळें गाणें त्या तीन स्वरांभोवतीं जमा होई. मला इंग्रजी गीतांची गति नाहीं. परंतु स्वर लावणें म्हणजे काय तें थोडें कळतें, आणि तें मीं तेथें पाहिलें.

लोक दयेनें टाळ्या देत होते काय? हा संशय माझ्याहि मनांत होता, म्हणून मीं आजूबाजूस न्याहाळून पाहिलें. जवळच्याच मेजावर विशीबाविशीचे तिघे तरुण बसले होते. ते म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर डाव्या हातावर खिळली होती. जांवईबापू म्हणाले, हे स्वतः वाजविणारे दिसतात, चोरी करावयास आले आहेत. मोठमोठे नामांकित वादकहि असेच श्रोत्यांत येऊन बसत आणि बोलावलें तर वर चढत. कार्यक्रमानंतर लेस पॉल खालींच बसून राहत. लोक रांगेनें येत, आपापल्या गिटारी पुढें करीत, ते त्यांवर सही करीत आणि प्रत्येकाशीं दोन शब्द बोलत. आमची पाळी आली तोंवर मध्यरात्र टळून गेली होती. मीं हात जोडले. त्यांनींहि हात जोडले.

ज्या मनुष्यानें मुद्रणाची कला एवढी वाढविली, त्यानें उतारवयांत ध्वनिमुद्रणगृहांत बसून एकेक तुकडा निर्दोष करून जोडला असता तर कोणास कळलें असतें? बोटांचा दोष यंत्रानें झांकतां आला असता, आणि ती युक्ति त्याच्याइतकी कोणास येत होती? नव्वदीच्या घरांत त्यांनीं तबकडीहि काढली व तिला २००६ सालीं दोन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. परंतु दर सोमवारीं ते गेले तें तळघरांत, जेथें चूक झाली तर झाली. मला त्यांच्या वयापेक्षां याचें आश्चर्य अधिक वाटतें.

ओसरीवर येथवर हकीकत आली तेव्हां दादा प्रथमच बोलले. "तूं सांगतोस तें ठीक. पण बालगंधर्व?" प्रश्न योग्य होता. १८८८ सालीं जन्मलेल्या त्या महान् नटानें साठी उलटल्यावरहि स्त्रीभूमिका केल्या, आणि ज्यांनीं त्यांचे वैभवाचे दिवस पाहिले होते त्यांतील कित्येकांस तें दृश्य सहन झालें नाहीं. आमच्या आजोबांनीं हैदराबादेस त्यांचा एक उतारवयांतील प्रयोग पाहिला होता. त्याविषयीं ते बोलत नसत. दुसऱ्या बाजूस भीमसेन जोशी २००७ सालीं, वयाच्या ८५ व्या वर्षीं, सवाई गंधर्व महोत्सवांत गायले आणि मंडप भरून वाहिला. प्रभा अत्रे ९१ व्या वर्षीं २०२४ च्या जानेवारींत गेल्या, त्या वेळीं मुंबईचा कार्यक्रम ठरलेला होता. तेव्हां वृद्धानें वाजवावें कीं वाजवूं नये असा एकच कायदा करतां यावयाचा नाहीं.

माझें मत मीं दादांपुढें मांडलें तें असें. बालगंधर्वांस तरुण स्त्री दिसावयाचें होतें. म्हणजे जें गेलें तेंच पुन्हां दाखवावयाचें होतें. लेस पॉल यांनीं गेलेल्या बोटांचा हट्ट धरला नाहीं. त्यांनीं वाजविण्याची रीत बदलली, वेगाचा भाग सोबत्यांवर सोंपविला, मोठीं सभागृहें सोडून लहान जागा धरली आणि शेजारीं जुना स्नेही बसविला. उत्सवास जिंतुराचा मुलगा येतो आहे तो येऊं द्यावा. द्रुत चाली त्यानें वाजवाव्या. पूर्वरंगांतला अभंग, तो संथ असतो, तो अण्णाकाकांनीं वाजवावा. पोरें हांसतील म्हणतां, तर त्या पोरांत एकानें तरी बुवांच्या श्वासाएवढ्या जागेंत दोन स्वर ठेवून दाखवावे. आणि स्तंभ पाहावयास आलेल्या परगांवच्या लोकांपुढें आपण गप्प उभे राहतों, तर घरांतील पेटी माळ्यावर कां?

शेवटलें वाक्य जरा लागेल असें झालें. दादा उठून अंगणांत गेले.

अण्णाकाका इतका वेळ खांबाशीं टेकून डोळे मिटून बसले होते. ऐकतात कीं झोंपले आहेत हें कळत नव्हतें. दादांच्या धाकट्या मुलानें मोबाइलवर लेस पॉल यांचें उतारवयांतील एक वादन शोधून काढलें आणि यंत्र त्यांच्या कानाजवळ धरलें. त्यांनीं तें संपेपर्यंत ऐकलें. मग म्हणाले, "पुन्हां लाव." दुसऱ्या खेपेस त्यांनीं मधल्या एका जागीं हात वर केला, जणूं समोर बुवाच आहेत. "येथें तो थांबला. चांगला थांबला." मग त्यांनीं मला विचारलें, "दोन बोटें म्हणालास. कोणतीं दोन?"

मला तें नक्की सांगतां येईना. जांग्वादेव म्हणावा असा एक जांगो राइनहार्ट नांवाचा वादक फ्रान्सांत होऊन गेला, १९१० ते १९५३. अठराव्या वर्षीं राहत्या गाडीस आग लागून त्याच्या डाव्या हाताचीं करंगळी व अनामिका आखडलीं, आणि तर्जनी व मध्यमा एवढ्यांवर त्यानें सगळ्या युरोपास वेड लावलें. लेस पॉल त्यास फार मानीत. तें मीं सांगितलें. अण्णाकाकांनीं आपला उजवा हात दिव्याच्या उजेडांत धरला, तर्जनी आणि मध्यमा हलवून पाहिल्या, मग आंगठा. "आंगठा चालतो," ते म्हणाले. "आंगठा धरून तीन झालीं. त्याच्यापेक्षां एक जास्तच." मग कांहीं वेळानें, "बुवांचा सूर काळी चार आहे. काळी चारला माझा आंगठा अडतो. पांढरी पांचला अभंग म्हणतील का, विचारून ठेवा."

दादा दारांत उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं मुलाला शिडी धरावयास सांगितलें आणि स्वतः माळ्यावर चढले. पेटी खालीं आली तेव्हां वहिनींनीं पदरानें तिच्यावरची धूळ पुसली आणि भात्यास हात लावून पाहिला. उंदरांनीं एका कोपऱ्यास कुरतडलें होतें. हवा राहीना. पेटी दुरुस्त करणारा कारागीर आतां जवळपास कोणी राहिला नाहीं; परभणीस एक आहे, पण सणाच्या तोंडावर त्याच्याकडे गर्दी फार. पाडव्यास बारा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशीं पहांटेच्या एस. टी. नें दादा पेटी मांडीवर घेऊन परभणीस गेले.